झोंबणारं पाणी

तर तो जावई सकाळपासून पाण्यात उभा, पायात बूट नाहीत, पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, आणि धक्क्यावर उलट्या क्रेटवर बसून म्हातारा वरून विचारतोय, "झोंबतंय का?"

"झोंबतंय, मामा."

"कुठवर?"

"घोट्यापर्यंत."

"मग थांब. कळ पोटरीत चढू दे."

थांबला बिचारा. दुसरं करणार काय? जमिनीवरचा वारा सुटून बरेच दिवस झाले होते, खाडी अशी निवळली होती की स्वतःच्या पायाची नखं मोजून घ्यावीत, आणि गार तर इतकी की पाय आपले आहेत की उसने आणलेत ते कळेना. पण त्या घरातला नियमच तसा. वारा जमिनीवरून वाहायला लागला, पाणी काचेसारखं झालं आणि पायाला झोंबलं की मगच पंप सुरू करायचा, मगच बियाची टाकी भरायची. म्हाताऱ्याच्या बापानं तसंच केलं, म्हाताऱ्यानं तसंच केलं, म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलीनं तसंच केलं, आणि थोरलीनं नवऱ्याला शिकवलं. तो नवरा म्हणजे हा.

"चढली कळ," तो म्हणाला.

"सोड मग पाणी."

आता याला सगळे जावईच म्हणायचे. बर्फवाला म्हणायचा, होडीवाला म्हणायचा, चहावाला तर चहा ओततानाच ओरडायचा, जावई, साखर किती? लग्न करून सासऱ्याच्याच घरी राहायला आला, कालवांच्या शेतीत राबला, मग बायको छातीच्या दुखण्यानं गेली आणि हा राहिला. घरजावई म्हणून पूर्वी लोक हसायचे तेव्हा निदान घरात बायको तरी होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते शेपूट म्हणजे हा. जायचं म्हटलं तर जायला घर नाही, भावांनी कधीच भिंत घालून त्याची खोली आपल्यात घेतलेली. आणि राहायचं म्हटलं तर म्हातारा त्याला नावानं सोडा, जावई म्हणूनसुद्धा हाक मारत नव्हता. "ए." बस. ए, पंप बघ. ए, जेवायचं झालं का.

आणि त्यात बी मरत होतं.

म्हणजे कालवांचं असं असतं, मोठी कालवं टाकीत कोमट पाण्यात ठेवली की ती अंडी सोडतात, पाणी दुधासारखं होतं. मग त्यातून डोळ्याला धुळीसारखी दिसणारी पिल्लं पोहायला लागतात, त्यांना शेवाळाचं हिरवं पाणी पाजायचं, आणि तग धरला तर ती जुन्या शिंपल्यांना जाऊन चिकटतात. चिकटलं की ते बी. मग जाळीच्या पिशव्यांत भरून खाडीत लोखंडी घोड्यांवर, म्हणजे पाय असलेल्या मांडण्यांवर, ठेवायचं, ओहोटीला उलटायचं, झटकायचं, वाढवायचं. पण गेली काही वर्षं काय व्हायचं, टाकी भरली, अंडी पडली, एक दिवस पोहली, दुसऱ्या दिवशी सगळी तळाला. पांढुरका थर, पिठाच्या गिरणीत जमिनीवर बसतो तसा. बाहेरून आणावं तर बाहेरही तीच रड. घोड्यांवरच्या निम्म्या पिशव्या रिकाम्या लोंबत होत्या.

हे पहिल्यांदा झालं तेव्हा टाकी थोरलीच्या ताब्यात होती. म्हातारा सगळ्यांसमोर, होडीवाला उभा, दोन कामकरी बायका उभ्या, मोठ्यांदा म्हणाला होता, "तुझ्या हाताचा गुण गेला पोरी. टाकीला हात लावू नकोस." त्या दिवसापासून ती शेडच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि आत नवऱ्याला सांगायची, आता चाळण धर, आता हळू ओत, भांडं उजेडात धर. स्वतः आत पाऊल टाकायची नाही. शेवटच्या दुखण्यात पडेपर्यंत नाही. आणि तिनं सांगूनसुद्धा बी मेलंच, मग म्हातारा काय म्हणायचा? हाच तसला आणि तीही तसलीच.

तर आता हा शेवटचा घाणा होता. म्हाताऱ्यानं स्पष्टच सांगितलं होतं. हे बी लागलं तर ठीक, नाहीतर खाडी धाकटीच्या नवऱ्याला. धाकटीचा नवरा म्हणजे याचा साडू, शहरात असायचा, आणि त्याच्या डोक्यात भलतंच होतं. घोडे उपटायचे, धक्का रंगवायचा, पर्यटकांसाठी भाड्यानं बोटी लावायच्या आणि घराच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. सगळ्या खोल्या. याचीसुद्धा. "तुलाही ठेवू की," साडू मागे एकदा म्हणाला होता, पाठीवर थाप मारून, "बोटी धुवायला कुणीतरी लागेलच."

टाकी भरली, म्हातारा घरात गेला, आणि हा ओहोटीबरोबर घोड्यांकडे उतरला. चिखल नडगीपर्यंत. पिशवी उचलायची, आपटायची, उलटायची, आकडा अडकवायचा, पुढची. कालवांच्या कडा अशा की हातमोजा असला तरी बोट चिरतंच, आणि खाऱ्या पाण्यात चिरलेलं बोट म्हणजे दिवसभराची सोबत. त्याला तशी दुसरी सोबत नव्हतीच. पूर्वी पलीकडच्या रांगेत ती असायची, पिशव्या आपटण्याचा दोघांचा ताल लागायचा, याची पडली की तिची. आता याची पडली की नुसती याचीच पडायची.

तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली, "अहो, भरलीत का टाकी?"

मीटरवाली. खाडीचं पाणी तपासायला अधूनमधून यायची, हातात तारेला लटकवलेलं मीटर, म्हणून ते नाव. म्हातारा तिला पाहिलं की म्हणायचा, "आली डॉक्टरीण, समुद्राचा ताप बघायला." आज तो वर नव्हता म्हणून ती निवांत खाली उतरली.

"सकाळीच भरली," हा म्हणाला. "काय पाणी मिळालं सांगू! बर्फ नुसता. आरपार दिसतंय."

तिनं मीटर पाण्यात सोडलं, बघितलं, परत सोडलं. मग म्हणाली, "ओतून टाका ते."

"काय?"

"टाकीतलं पाणी. ओतून टाका."

याला वाटलं चेष्टा करतेय. पण बाई चेष्टेतली नव्हती. म्हणाली, "वारा जमिनीवरून सुटला की वरचं पाणी तो बाहेर ढकलतो, आणि त्याच्या जागी तळाचं वर येतं. म्हणून गार, म्हणून स्वच्छ. पण तेच सगळ्यात वाईट. आंबटपणा वाढलाय त्यात. तळाला तो आधीपासून थोडा होताच, आता त्यावर धुराची भर पडलीय."

"धूर? इथं कुठं आलाय धूर?"

"इथला नाही. सगळ्या जगाचा. वर सोडतात तो थोडाफार समुद्रच पितो ना."

हा पाण्याकडे बघत राहिला. एवढं सुंदर पाणी.

"आपल्या जिभेला कळत नाही," ती म्हणाली, "मोठ्या कालवालाही फारसं नाही. पण पिल्लाला पहिल्याच दिवशी शिंपला बांधायचा असतो. अंगात जीव केवढा, आणि एवढ्या आंबट पाण्यात तो बांधायला लागते त्याच्या दुप्पट ताकद. बांधता बांधताच दमून मरतं."

"पण झोंबतं तेच चांगलं पाणी ना?"

"कुणी सांगितलं?"

उत्तर होतं, पण मीटरवालीला काय सांगणार, बायकोनं? लग्न नवं असताना हात धरून पाण्यात उतरवलं होतं आणि हा थंडीनं उड्या मारायला लागल्यावर पोट धरून हसली होती आणि म्हणाली होती, रड थोडा, बी चांगलं येईल?

"दुपार कलली की भरा," मीटरवाली तार गुंडाळत म्हणाली. "पलीकडच्या उथळातलं, गवत आहे तिथलं. दिवसभर ऊन मिळालं की गवत तो आंबटपणा ओढून घेतं, पाणी सौम्य होतं."

"ते तर गढूळ असतं. कोमट. आम्ही त्यात पाय धुतो फक्त."

"गाळून घ्या."

"मग होईल ठीक? कायमचं?"

"नाही हो," म्हणाली. "आज दुपारचं चालतंय. पुढं कदाचित तेही नाही चालणार. पण आज चालतंय."

आणि गेली.

रात्रीची वाट न बघता यानं दुपारी जेवतानाच विषय काढला. दोघंच असायचे ताटावर, म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसायचा. "मामा, मीटरवाली म्हणते, पाणी दुपारचं घेऊन बघा."

"तिच्या बापानं लावली होती का कालवं?"

"नाही, पण एकदा बघायला—"

"नाचता येईना अंगण वाकडं!" म्हाताऱ्यानं वाटी आपटली. "तीही तेच म्हणाली होती. बाबा, पाणी बदलून बघू. मी म्हटलं, हात बिघडला की माणूस पाण्याला नावं ठेवतो. गप बसली मग. तूही बस."

हा घास तसाच धरून बसला.

हे त्याला नवीन होतं, अरे! तीही म्हणाली होती. कधी? उंबऱ्याबाहेर उभी राहायच्या आधी की नंतर? रोज रात्री शेजारी झोपायची, तिच्या कुशीवर वळण्याचा आवाज त्याला ओळखता यायचा, आणि हे एवढं तिनं त्याला सांगितलंच नाही. की सांगायला गेली आणि आपण दमलोय म्हणून हूं हूं करत झोपलो? आठवून आठवून डोकं शिणलं. आठवेना. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे एक त्या माणसांचं फार वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी कालवांनी अंडी सोडली. म्हातारा समोर बसलेला, भिंग गळ्यात. यानं दुधासारखं पाणी चाळणीतून गाळलं, मोठ्या टाकीत ओतलं, आणि एक बादली, भांडी धुवायची आहेत असं म्हणून, शेडच्या मागे नेली. मागे एक छोटी निळी टाकी होती, पूर्वी शेवाळ वाढवायची. म्हातारा दुपारी लवंडला की हा उथळात गेला. गवतातलं पाणी, कोमट, कळकट, पायाला लागतंय की नाही तेही कळेना. पंप इथं पोचत नव्हता. डब्यानं भरलं, खांद्यावर काठी, दोन्हीकडे डबे, चिखलातून वर, फडक्यानं गाळायचं, परत खाली. खांद्याचं सालटं निघालं. आणि त्याला एकसारखं वाटत होतं की ती कुठूनतरी बघतेय आणि म्हणतेय, हे काय आणलंस, पाय धुवायचं पाणी? मग वाटायचं, नाही, ती म्हणतेय, आणलंस का शेवटी. दोन्ही त्याच आवाजात. कुठला खरा ते सांगायला कोणी नाही.

मोठी टाकी नेहमीसारखीच बसली. म्हाताऱ्यानं काचेचं भांडं खिडकीशी धरलं, भिंगातून बघितलं, भांडं ठेवलं, हात पुसले. तळाला पीठ. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. उठला, घरात गेला, आणि फोनवर त्याचा आवाज ऐकू आला, "या जावईबापूंना घेऊन. बोलून टाकू."

बघा हां, त्यांना जावईबापू. याला ए.

मागच्या टाकीचं यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही नव्हतंच, पिल्लं लहान होती, मोडायला एक रात्र पुरे. रोज दुपारी डबे, रोज गाळणं, रोज शेवाळ पाजणं, आणि भांडं उन्हात धरलं की आत धूळ वर जातेय, खाली येतेय, वर जातेय. त्याला तिथं बसवत नव्हतं आणि तिथून उठवत नव्हतं. एकदा तर तो त्यांच्याशी बोलला. म्हणजे एवढंच, "खा रे." पण स्वतःचा आवाज ऐकून दचकला, कारण दिवसभरात तेवढाच शब्द तोंडातून निघाला होता.

धाकटी आणि साडू आले तोवर त्यातली पुष्कळशी शिंपल्यांना चिकटली होती. 

साडूला खुर्ची, धाकटीला खुर्ची, हा दाराशी उभा. साडूनं धक्क्याचा नकाशाच आणला होता, बोटांनी हवेत रंग दाखवत होता. धाकटी मात्र सारखी याच्याकडे बघत होती. "भावोजी, किती वाळलात तुम्ही," म्हणाली. "जेवता की नाही?"

"जेवतो की."

"कालवं खातात याला, हा कालवांना नाही," साडू हसला. मग म्हाताऱ्याकडे वळून, "तर मामा, घोडे काढायला माणसं पाठवू का पुढच्या ओहोटीला?"

"पाठवा," म्हातारा म्हणाला.

"थांबा," हा म्हणाला.

सगळे वळले. त्या घरात यानं कधी थांबा म्हटलं नव्हतं. तो मागे गेला, निळ्या टाकीतला एक जुना शिंपला काढला, तळहातावर धरून आणला आणि म्हाताऱ्यासमोर धरला. पाणी चटईवर टपकत होतं. म्हाताऱ्यानं भिंग लावलं. शिंपल्याच्या आत मिरीच्या भुकटीसारखे ठिपके, एकाला एक लागून. नखानं एक खरवडून बघितला. निघेना. घट्ट.

"बी आहे," म्हातारा म्हणाला. आवाज कसा, तर लहान मुलाचा. "ए, अरे, बी लागलंय. धाकटे, बघ, बी लागलंय! घरात लागलंय!" आणि मग मान वर करून विचारलं, "पाणी कधी घेतलंस?"

आता खरं तर इथं खोटं बोलणं सोपं होतं. सकाळचं, मामा, झोंबणारं, तुमचंच. म्हातारा खूश, खाडी राहिली, खोली राहिली. पण मग पुढच्या खेपेला म्हातारा परत क्रेटवर येऊन बसणार, झोंबतंय का विचारणार, आणि परत पीठ. हे एक. आणि दुसरं म्हणजे उंबरा. तो खोटं बोलला असता तर ती कायमची उंबऱ्याबाहेरच राहिली असती.

"दुपारचं," तो म्हणाला. "उथळातलं. मोठ्या टाकीत सकाळचं होतं, यात दुपारचं. अंडी तीच. हातही माझाच."

"म्हणजे मामा," साडू म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही स्वतःच—"

"गप बसा हो!" धाकटी ओरडली.

म्हातारा भिंगातून बघतच राहिला. पुष्कळ वेळ. भिंग शिंपल्यावरून सरकून चटईवर गेलं होतं, तरी बघत होता.

"तिनं सांगितलं होतं," म्हणाला.

म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं.

"पाणी बदलून बघू म्हणाली होती. इथंच. इथं उभी होती."

जावयाला वाटलं आता काहीतरी म्हणावं. तुम्हाला कुठं ठाऊक होतं मामा, तुमच्या वेळी ते पाणी चांगलंच होतं, समुद्रच बदलला. हे सगळं खरंच होतं. पण जीभ उचलेना. कारण तोही आत होता आणि ती बाहेर, आणि त्यानंही तिला कधी आत ये म्हटलं नव्हतं.

घोडे काढायचा विषय कुणी परत काढला नाही. साडूनं नकाशा गुंडाळला. संध्याकाळी निघताना गाडीपाशी म्हातारा पिशवी घेऊन उभा.

"हे काय बाबा?" धाकटी म्हणाली.

"येतो तुझ्याकडे. राहतो काही दिवस."

"आणि इथं?"

"इथं तो आहे की." मग जावयाकडे न बघता, टाकीच्या दिशेनं हात करून, "मला ते बघवणार नाही. तू बघ." आणि गाडीत बसताना, दार लावता लावता, "जेवत जा," म्हणाला. ए नाही, काही नाही. जेवत जा.

काही दिवस म्हणाला होता तो. क्रेटवर शेवाळ चढलं तरी आला नाही. धाकटी फोन करायची, बाबा बरे आहेत, टीव्ही बघतात, खाडीचं विचारत नाहीत. भावोजी, या की एकदा. येतो, येतो. पण टाकी टाकून येणार कसा? पाणी रोज बदलायचं, आणि तेही दुपारीच.

तर आता सगळं त्याचंच होतं. घर, खोल्या, धक्का, घोडे, घोड्यांवर भरून लोंबणाऱ्या पिशव्या. जावई दुपारी पाईप लांबवून उथळात सोडत होता, पंपाचं हँडल हातात, तेवढ्यात होडीवाला समोरून चालला.

"जावई! सासरा आला का?"

"नाही अजून!"

"येणारेय का?"

"माहीत नाही!"

होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. मस्करी करायचाच तो, सवयच. "अरे मग बायको नाही, सासरा नाही, तू आता जावई कुणाचा? तुला हाक काय मारायची आम्ही?"

जावयानं विचार केला. खरंच केला, हँडल धरून.

"हीच मार," म्हणाला. "दुसरी मारलीस तर मी वळून बघणार नाही."

होडीवाला हसला आणि मग हसायचा थांबला, आणि काहीतरी बोलला, पण तोवर यानं पंप सुरू केला होता. पाईप फुगला. कोमट, गढूळ पाणी टाकीत पडायला लागलं.